तारखेच्या आधी येणारी भीती

“माझ्या घरात मला कुणीतरी मारतंय,” कुंदा म्हणाली आणि तिनं लगेच मागे वळून दाराकडे बघितलं.

दारात कुणीच नव्हतं. अंधेरी पूर्वेला झेरॉक्सच्या दुकानावर खासगी गुप्तहेर जान्हवी दळवीचं हे एवढंसं ऑफिस होतं. बोरिवलीहून इथे येईपर्यंत कुंदानं रिक्षातून चारदा तरी मागे पाहिलं होतं. आता तिला धाप लागली होती आणि समोरच्या हातांच्या खुर्चीत आपण मावणार नाही, हे कळल्यामुळे ती उभीच होती.

“लवूकाका, आतली बिनहातांची खुर्ची आणा,” जान्हवी म्हणाली. आवाजात कीव नव्हती. कुंदाला तेवढ्यानंच बरं वाटलं.

लवू परब हा पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. पाच वर्षं तो जान्हवीबरोबर काम करत होता. त्यानं खुर्ची आणली, पंखा वाढवला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

कुंदानं पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि सांगायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी त्यांच्या सोसायटीतली प्रेमा नावाची तरुण सून गच्चीवरून पडून गेली. कपडे वाळत घालताना पाय घसरला, मी घरात होतो, असं तिचा नवरा नितेश म्हणाला. पण त्या दिवशी लिफ्ट बंद होती. वजन शंभराच्या पुढे, त्यामुळे कुंदा जिना चढताना शेवटच्या वळणावर दम खात बसली होती. वरून प्रेमाचा आवाज आला, “सोड मला, मी आईकडे जाते.” मग किंकाळी आली. आणि मग नितेश गच्चीवरून खाली आला, चपला हातात घेऊन. अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली कुंदा त्याला दिसली नाही.

“सरकारी पक्षाकडे माझ्याशिवाय साक्षीदार नाही,” कुंदा म्हणाली. “आणि मला कोर्टात पोचताच येत नाही. पहिली तारीख होती होळीच्या आधी. आदल्या दिवशी पहाटे जाग आली ती थरथरतच. घामानं गादी भिजलेली. छाती अशी धडधडत होती, की आता फुटते. आणि भीती… बाई, तशी भीती मी जन्मात अनुभवली नव्हती. कशाची तेसुद्धा कळत नव्हतं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा प्रेशर अडीचशेला टेकलं होतं. मे महिन्यात दुसरी तारीख आली, पुन्हा तेच. आता तिसरी जवळ आलीय. पोलीस म्हणतात, बाई घाबरट आहे. जामिनावर सुटलेल्या नितेशचा वकील तर हसतो.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर रुचिरा सामंत चांगल्या आहेत हो. त्यांनी रक्त तपासलं, विषबिष काही नाही. त्या म्हणाल्या, लठ्ठ माणसाच्या नसा आधीच ताणलेल्या असतात, त्यात कोर्टाचं टेन्शन. पण मी घाबरट नाही! सासूबाईंना शेवटचा श्वास घेताना मीच मांडीवर घेतलं होतं.” तिनं पुन्हा पाणी प्यायलं.

जान्हवी त्या बाटलीकडे बघत होती. “सारखी तहान लागते तुम्हाला?”

“तहान नाही, कोरड. प्रेशरच्या नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंड कसं लाकडासारखं होतं. शिवाय दिवसभर पेंग येते. दिवसातून तीनदा घ्यायच्या असतात ना.”

“झटक्याच्या आधी कसं वाटत होतं? एक-दोन दिवस आधी?”

कुंदाला आठवायला वेळ लागला. “नवल म्हणजे, छान वाटत होतं. डोकं हलकं. खालच्या मजल्यावरच्या नलिनीनं दारात नाचणीचे लाडू दिले होते, तर मी उभ्या उभ्या दोन कोरडेच खाल्ले. म्हटलं, चला, औषध अंगी लागलं एकदाचं.”

“आणि दुसऱ्या वेळी तारीख तुम्हाला कळली कधी?”

“हॉस्पिटलात, शुद्धीवर आल्यावर. कोर्टानं तारीख अलीकडे ओढली होती. सरकारी वकिलांचा फोन यांना आला. हे तेव्हा वाईला आउटडोअरला गेलेले. लाइटमन आहेत, सिनेमाच्या शूटिंगला. यांनी मधूला, म्हणजे माझ्या नणंदेला, कळवलं आणि दोघांनी ठरवलं, की मला त्या दिवशी सकाळीच सांगायचं. उगाच आधीपासून धसका नको.”

जान्हवीनं हातातलं पेन खाली ठेवलं. “कुंदाताई, मी उद्या तुमच्या घरी येते.”

“कोण मारतंय मला?”

“ते अजून मला माहीत नाही,” जान्हवी म्हणाली. “पण तुम्ही घाबरट नाही, एवढं आत्ताच सांगते.”

आपला संशय खोटा ठरला असता तर बरं झालं असतं, असं कुंदाला पहिल्यांदाच वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुंदाचा नवरा देवेश स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आठवड्याच्या गोळ्या भरत होता. प्लास्टिकच्या डबीत वारांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात सकाळ, दुपार, रात्र. बारीक, पांढऱ्या, गोल गोळ्या. तो काटक माणूस होता. शिडीवर चढून चढून पोटऱ्यांच्या गाठी झाल्या होत्या.

“हिच्या बोटांना त्या पाकिटातून निघत नाहीत, म्हणून मी काढून ठेवतो,” तो म्हणाला. “वाईला जातानाही भरूनच गेलो होतो. माझ्याकडून चूक नाही झाली, मॅडम.”

“जाताना तारीख बदललेली माहीत होती?”

“छे! फोन तिकडे गेल्यावर आला.” त्यानं कपाळ पुसलं. “खरं सांगू? हिनं ही साक्ष देऊच नये असं मला वाटतं. प्रेमा गेली ती परत येणार आहे का? पण ही ऐकते कुणाचं!”

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. हे तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

“मग तुमची तिसऱ्या तारखेची तयारी झाली का?” जान्हवी म्हणाली. “आरोपीच्या बाजूला कळू नये म्हणून कोर्टानं ती गुपचूप बदललीय. येत्या बुधवारी आहे. कुणाला बोलू नका, बहिणीलासुद्धा नाही.”

नणंद मधुवंती बाहेरच्या खोलीत होती. चाळिशीची, अविवाहित, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. वहिनीच्या प्रत्येक दुखण्यात तीच रात्र रात्र जागली होती. तिनं सगळ्यांना चहा आणला आणि कुंदाच्या कपात एका चपट्या डबीचं बटण दाबून दोन इवल्या गोळ्या टाकल्या.

“वहिनीला साखर बंद आहे ना,” ती जान्हवीला म्हणाली. “आम्ही खूप जपतो तिला.”

“पहिल्या झटक्याच्या वेळी हॉस्पिटलात तुम्हीच होतात?”

“हो. डॉक्टरांनी गोळ्या चुकल्या का म्हणून दहादा विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. त्या म्हणाल्या, ही गोळी एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं, फार जपा. तेव्हापासून मी रोज विचारते, वहिनी, गोळी घेतलीस ना?”

“विचारते हो,” कुंदा म्हणाली.

जान्हवी पुढे झुकून हळूच बोलली. “तारीख शुक्रवारी ठरलीय. तुमच्या भावालासुद्धा सांगू नका.”

“अगो, बुधवारी ना?” लवू बोलून गेला.

जान्हवीचा पाय त्याच्या पायावर पडलेला कुंदाला दिसला. लवूनं तोंड मिटलं.

“काकांचं डोकं हल्ली चालत नाही,” जान्हवी हसत म्हणाली. “बुधवारी त्यांची डोळ्यांची तपासणी आहे.”

नलिनी खालच्या मजल्यावर राहायची. वजन उतरवायचे काढे विकायची आणि नितेशची सख्खी मावशी लागायची. तिनं दार अर्धंच उघडलं.

“मी तिला काढा दिला ते खरं. पण पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी बंद करायला सांगितला, तिनं बाटली परत केली. तेव्हापासून मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले नाही.”

“खरं आहे,” कुंदा म्हणाली. “लाडूसुद्धा दारातूनच दिले होते.”

“भाचा माझा आहे. पण प्रेमाचं डोहाळजेवण मी करणार होते.” नलिनीचे डोळे भरले. मग ते एकाएकी कठोर झाले. “जा आता.”

जाता जाता जान्हवीनं तिलाही एक तारीख सांगितली, पुढच्या मंगळवारची.

जिन्यात लवू कुजबुजला, “माका तर हीच वाटता. मावशी ती मावशी.”

गेटपाशी जान्हवीनं कुंदाच्या हातात कागदात गुंडाळलेलं एक पाकीट दिलं.

“डॉक्टरांशी बोलून त्यांच्याकडूनच आणलंय. तुमचीच गोळी आहे. आजपासून फक्त ह्यातली घ्यायची. घरच्या डबीतली गोळी तोंडात टाकल्यासारखं करा, मुठीत ठेवा, आणि वाराप्रमाणे वेगवेगळ्या पुडीत जमा करा. नवऱ्याला नाही, नणंदेला नाही, कुणालाही कळता कामा नये.”

कुंदानं पाकीट पिशवीत खुपसलं. “म्हणजे घरातलंच…”

“जराही बरं वाटेनासं झालं तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला.”

*

पुढचे दिवस कुंदा जीव मुठीत धरून जगली.

सकाळी देवेश पाण्याचा पेला पुढे करायचा आणि ती त्याच्या बोटांकडे बघायची. वीस वर्षं ज्या हातांनी तिच्या पाठीला तेल लावलं, ते हात. “ही साक्ष देऊच नये,” हे वाक्य तिच्या कानातून जाईना. तो आंघोळीला गेला, की ती लपवलेलं पाकीट काढून खरी गोळी घ्यायची. पाकिटाचा कडकड आवाज बाहेर जाईल म्हणून नळ सोडून ठेवायची.

मधुवंती शाळेतून आली, की दारातूनच विचारायची, “वहिनी, गोळी घेतलीस ना?” कुंदा मान हलवायची. मुठीत गोळी घामानं चिकटलेली असायची.

जिन्यावर पावलं वाजली तर नलिनी वर येतेय असं वाटायचं. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. मधूनच वाटायचं, ह्या सगळ्यांचं काहीच नाही, आपलंच डोकं फिरलंय. मग त्या पहाटेची भिजलेली गादी आठवायची आणि ती पुडीत आणखी एक गोळी टाकायची.

तोंडाला मात्र कोरड होती. पूर्वी वैताग यायचा तिचा. आता ती जिभेनं कोरडा टाळू चाचपून बघायची आणि जिवंत असल्याची खूण पटवून घ्यायची.

गुरुवारी संध्याकाळी जान्हवी आणि लवू आले. बरोबर डॉक्टर रुचिरा सामंत होत्या. देवेश आणि मधुवंती घरात होते. नलिनीलाही जान्हवीनं वर बोलावलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“आधी भीतीबद्दल बोलू,” जान्हवी म्हणाली. “सगळे म्हणाले, कुंदाताई कोर्टाला घाबरल्या आणि प्रेशर चढलं. पण दुसऱ्या वेळी त्यांना तारीख माहीतच नव्हती. जी गोष्ट माणसाला ठाऊक नाही तिची भीती बरोबर तिच्या आदल्याच पहाटे कशी येईल? म्हणजे तारीख दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक होती. डॉक्टर, ह्यांना तुम्ही सांगा.”

डॉक्टर कुंदाकडे बघून बोलल्या. “अंगात चरबी फार झाली, की ती मेंदूला सतत निरोप पाठवत राहते. मग मेंदू मज्जातंतूंना सैल सोडतच नाही. संकट आल्यासारखं शरीर चोवीस तास सावध. रक्तवाहिन्या आवळलेल्या, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, हृदय पळतं. प्रेशर त्यामुळे चढलेलं राहतं. तुम्हाला साध्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, म्हणून मी मेंदूतूनच तो इशारा मंद करणारी गोळी दिली. तिनं तोंड कोरडं पडतं, पेंग येते. पण ती एकदम बंद झाली तर दाबून ठेवलेले मज्जातंतू एका दमात उसळतात. एक-दोन दिवसांत घाम, थरथर, धडधड आणि प्रेशर आभाळाला.”

“आणि भीती?” कुंदानं विचारलं.

“भीतीसुद्धा. तेच मज्जातंतू, तेच रसायन. भीतीमुळे तुमचं प्रेशर चढलं नव्हतं. ज्यानं प्रेशर चढलं त्यानंच भीती आणली.”

कुंदानं डोळे मिटले. इतके महिने तिनं स्वतःलाच भित्री म्हणून घेतलं होतं.

“झटक्याच्या आधी ह्यांना छान वाटत होतं,” जान्हवी पुढे म्हणाली. “पेंग नाही, कोरड नाही, नाचणीचे लाडू पाण्याशिवाय घशाखाली गेले. तिथेच मला कळलं, की गोळी पोटात जातच नव्हती. कुंदाताई तर रोज नेमानं घेत होत्या. म्हणजे डबीत दुसरंच काही होतं.

“काढा मी बाजूला ठेवला. तो बंद झाल्यावरही दुसरा झटका आलाच. नलिनीबाई घरात शिरतच नव्हत्या आणि डबी स्वयंपाकघरात. राहिले दोघं. देवेशनी डबी भरली तेव्हा बदललेली तारीख त्यांना माहीत नव्हती, आणि कळली तेव्हा ते वाईला होते. तारीख माहीत आणि डबी हाताशी, असं त्या आठवड्यात एकच माणूस होतं.”

“तरी पुरावा हवा होता. म्हणून मी तिघांना तीन तारखा सांगितल्या. तिन्ही खोट्या. लवूकाकांनी घोळ घातलाच होता, पण निभावलं. देवेशना बुधवार सांगितला होता. ते असते तर गोळ्या सोमवारीच बदलल्या असत्या. कुंदाताई, पुड्या द्या.”

कुंदानं कमरेच्या पिशवीतून पुड्या काढल्या. सोमवारची एक गोळी डॉक्टरांनी निरखून पाहिली. “ही माझीच.” मंगळवारची पाहिली. “हीसुद्धा.” बुधवारची हातात घेतल्यावर त्यांनी ती उजेडात धरली, मग पेल्यात टाकली. ती फसफसत वर आली आणि विरघळली. लवूनं बोट बुडवून जिभेला लावलं.

“गोड!” तो म्हणाला. “चहात घालतत ती.”

“शुक्रवारच्या तारखेसाठी बुधवारपासून,” जान्हवी म्हणाली. “शुक्रवार मी फक्त तुम्हाला सांगितला होता, मधुवंतीताई.”

मधुवंतीनं नाकारलं नाही. ती हळूहळू खाली बसली, भिंतीला पाठ लावून.

“शाळेच्या गेटवर आला होता नितेश,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, तुझा भाऊ रोज उंचावर चढतो ना? खाली शिडी धरायला कोण असतं, विचार त्याला. तुझी वहिनी कोर्टात आली नाही, तर तो रोज घरी येईल.” तिनं गुडघे छातीशी ओढले. “दादा रात्री परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गोळी डॉक्टरांनी दिली तेव्हा म्हणाल्या होत्या, एकही चुकवू नका, त्रास होईल. म्हटलं, वहिनी दोन दिवस आजारी पडेल, एवढंच.”

“पहिल्यांदा एवढंच माहीत होतं तुला,” कुंदा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही अनोळखी वाटला. “पण जिवावर बेतेल असं डॉक्टर सांगत होत्या तेव्हा तू माझ्या उशाशी उभी होतीस. त्यानंतर पुन्हा केलंस. आणि काल तिसऱ्यांदा.”

मधुवंतीनं तोंड झाकून घेतलं. “दादा की तू, असं झालं होतं गं.”

देवेश उठला. तो बहिणीवर हात टाकेल असं कुंदाला वाटलं. पण तो खिडकीशी गेला आणि गजांना धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“मला सांगायचं होतंस, मधू,” तो बाहेर बघत म्हणाला. “मी शिडीवर चढायचं सोडलं असतं. हमाली केली असती.”

पेल्यातलं पाणी पुन्हा नितळ झालं होतं. शेवटी उंबऱ्यावरून नलिनी बोलली. “गेटवर आला होता ना? मग हे पोलिसांत सांग. साक्षीदाराच्या माणसांना धमकी दिली, तर जामीन राहत नाही म्हणतात. माझा भाचा आहे, तरी सांगते, सांग.”

मधुवंतीनं कुंदाकडे पाहिलं.

“मी तुला माफ केलं म्हणणार नाही,” कुंदा म्हणाली. “तुझ्या हातचा चहा मला आता जाणार नाही. माझ्या जिवाशी केलंस त्याची तक्रार मी देणार आहे. पण तू आधी स्वतःच्या पायांनी जा आणि तुझं नि त्याचं, दोन्ही सांग.”

त्याच संध्याकाळी लवू मधुवंतीला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. रिक्षात बसताना तिचा तोल गेला. तिला धरायला देवेशच पुढे झाला.

*

नितेशचा जामीन रद्द झाला. खऱ्या तारखेला दिंडोशीच्या कोर्टात तो पोलिसांच्या मध्ये बसला होता आणि कुंदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. न्यायाधीशांनी खुर्ची देऊ केली. ती बसली. छाती धडधडत होती, तळवे ओले होते. पण ह्या वेळी भीती कशाची ते तिला माहीत होतं. तिच्यासमोर दहा पावलांवर बसलेल्या माणसाची. वकिलानं तिच्या वजनावरून, दम लागण्यावरून, अंधारावरून प्रश्न विचारले. ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत गेली. एकदा आवाज फाटला, तेव्हा थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ती बाहेर आली. देवेशनं दंडाला धरलं.

पॅसेजमधल्या बाकावर मधुवंती बसली होती. तिच्यावरचा खटला वेगळा चालणार होता. आज तिला धमकीबद्दल सांगायला बोलावलं होतं. जवळ एक महिला हवालदार होती. मधुवंतीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मांडीवरचे हात एकमेकांना सोडत नव्हते. कुंदाला तिच्यापुढून जावं लागणार होतं. ती न बघता चार पावलं पुढे गेली.

मग थांबली. वळली.

“आत गेलीस की त्याच्याकडे बघू नकोस,” ती म्हणाली. “न्यायाधीशांकडे बघून बोल.”

शिपायानं दार उघडून मधुवंतीचं नाव पुकारलं.